नोंदबाईंच्या तेवीस वह्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दूध अर्धा लिटर, वेळेवर. नवी क्लार्क आज आली नाही. कपाटाची किल्ली शिपायाबरोबर परत पाठवली, चिठ्ठी नाही. चष्म्याच्या प्रकरणाची तक्रार वहीत नोंदवली. दुपारी धाकट्या बहिणीचा फोन. खुब्याचं ऑपरेशन २८ तारखेला ठरलं. घरात सहा आठवडे कुणी राहणार असेल तरच करू, असं डॉक्टर म्हणतात. "तू येतेस ना?" म्हणाली. येते म्हटलं. डाव्या चपलेचा अंगठा तुटला, शिवून घेतला.

नोंदबाईंनी डायरी मिटली, पेनाला टोपण लावलं आणि तशाच बसून राहिल्या. येते असं बोलून तर बसल्या होत्या, पण जायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

खरं तर त्या डिसेंबरातच निवृत्त झाल्या होत्या. शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सतरा हेडक्लार्क म्हणून. एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं आणि दोन तारखेला बाई पुन्हा आपल्या खुर्चीवर हजर. मुख्याध्यापकांनी गळ घातली होती, की तुमच्या जागी माणूस टिकला की लगेच सोडतो. माणूस काही टिकेना. पहिला आठ दिवस राहिला, दुसरी पाच आणि ही तिसरी दोनच. कागदावर बाई कधीच मोकळ्या होत्या. उद्या घरी बसल्या असत्या तर त्यांना न्यायला कुणी येणार नव्हतं. पण चारशे मुलांच्या शाळेचं ऑफिस वाऱ्यावर सोडून जाणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं, आणि मुख्याध्यापकांना हे पक्कं माहीत होतं.

माणसं का टिकत नव्हती, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. बाईंना तोंडावर सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात तेवीस वह्या. सगळ्यांना खाकी कव्हर, डाव्या कोपऱ्यात नंबर, मधोमध नाव, अक्षर छापल्यासारखं. लहानपणी ख्रिस्ती ननांच्या शाळेत रोज संध्याकाळी दिवसभराचं पाच ओळींत लिहून दाखवावं लागे. ती सवय बाईंना जी लागली ती लागलीच. ऑफिसातली प्रत्येक वही एकेका प्रसंगातून आलेली होती. एका वर्षी वार्षिक परीक्षेत घंटा सात मिनिटं आधी वाजली. तेव्हापासून घंटेची वही: कितीला वाजायची, कितीला वाजली, कुणी वाजवली. एकदा व्हरांड्यातून छत्री गेली आणि ती नेमकी तपासणीला आलेल्या साहेबांची निघाली. झाली छत्र्यांची वही सुरू. मग फुटलेल्या काचांची, खडूंची, विसरलेल्या डब्यांची, आलेल्या माणसांची, त्यांनी आणलेल्या वस्तूंची, वर्गात पाठवलेल्या निरोपांची. शेवटी कुठली नोंद कुठे करायची याचाच घोळ व्हायला लागला, म्हणून नोंदवह्यांची नोंदवही आली. ती तेविसावी.

शिक्षकांच्या खोलीत म्हणत, या शाळेत शिंक आली तरी आधी ऑफिसात जाऊन लिहून यावं लागतं. 'नोंदबाई' हे नाव तिथलंच. शिपायाने तर एकदा सरळ विचारलं होतं, "बाई, मी गेलो तर कुठल्या वहीत?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दोन वह्यांत. हजेरीच्या आणि किल्ल्यांच्या. गेटची किल्ली तुमच्याकडे असते."

तिसरी क्लार्क गेली ती चष्म्यापायी. चाचणी परीक्षा चालू असताना एक आई मुलाचा विसरलेला चष्मा घेऊन खिडकीशी आली. नव्या मुलीने आल्या माणसाची नोंद केली, वस्तूची केली, निरोपाची केली. चौथी कुठे करायची ते तेविसाव्या वहीत बघेपर्यंत अर्धा पेपर संपला. आई मुख्याध्यापकांकडे गेली, मुख्याध्यापक मुलीला बोलले आणि मुलगी घरी जाऊन बसली.

गुरुवारी चौथी आली. वय चाळिशीला टेकलेलं, आवाज खणखणीत. अकरा वर्षं बस स्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीत काढलेली. शिपायाने पहिल्याच दिवशी तिचं 'पार्सलवाली' करून टाकलं आणि तिनेही ते आनंदाने घेतलं. "निदान कळतं तरी, कुठून आले ते," म्हणाली.

दोन दिवस तिने पेन हातातच धरलं नाही. हनुवटीला हात लावून ती बाईंचं लिहिणं बघत होती. बाईंना वाटलं, हीही जाणार. शनिवारी शाळा सुटल्यावर तिने कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ही काचांची वही. यात शेवटचं कधी बघितलंत?"

"कालच. तिसरीच्या खिडकीची काच फुटली ना."

"ते लिहायला उघडली. शोधायला कधी उघडली?"

बाईंना आठवेना. त्यांनी आठवायचा मनापासून प्रयत्न केला, कारण खोटं सांगणं त्यांच्यात नव्हतं. मग पार्सलवालीने आपल्या खिडकीची गोष्ट सांगितली. तिथे प्रत्येक पार्सलला चार पावत्या फाडत: एक पाठवणाऱ्याला, एक पार्सलवर, एक ड्रायव्हरला, एक फायलीत. एकदा छापखान्याचं काहीतरी बिनसलं आणि तीन आठवडे पावतीपुस्तकंच आली नाहीत. मग साध्या कागदाचे दोन तुकडे करून एक पार्सलवर चिकटवायचा, एक हातात द्यायचा. तीन आठवड्यांत एक पार्सल हरवलं नाही. पुस्तकं आली तेव्हा कुणी त्यांना हात लावला नाही, आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली.

तिचं म्हणणं असं होतं, की दोन आठवडे करून बघू. कुणीही काही शोधायला वही उघडली, की त्या पानात कागदाची एक पट्टी घालायची. लिहायला उघडली तर नाही घालायची. एकवीस तारखेला पट्ट्या मोजू. बाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. एकवीसनंतर धाकटीकडे पोचायला जेमतेम आठवडा उरत होता. दुसरा काही मार्ग दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, बघू.

सोमवारी पार्सलवालीने जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापल्या आणि एका डब्यात घालून टेबलावर ठेवल्या. प्रवेशाच्या वहीत दुपारपर्यंतच तीन गेल्या, कारण दाखल्यांचा मोसम होता. हजेरीत दोन. इतर वह्या जशाच्या तशा. बुधवारी बाईंना राहवलं नाही. पार्सलवाली पाणी प्यायला गेली तेव्हा त्यांनी काचांची वही उघडली, मागची पानं चाळली आणि आत एक पट्टी घातली. ती परत आली, तिने वहीतून डोकावणारी पट्टी बघितली आणि विचारलं, काय शोधलंत?

"यंदा काचा किती फुटल्या ते."

"कशाला हवं होतं?"

बाईंनी पट्टी काढली आणि डब्यात टाकली. कान लाल झाले होते. पार्सलवालीने मान वळवून घेतली आणि दाखल्यांवर शिक्के मारायला लागली.

घरीही तीच तऱ्हा होती. ओट्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये सात छोट्या वह्या होत्या. दुधाची, गॅसची, विजेच्या मीटरची, आल्यागेल्याची, उसन्या दिलेल्या भांड्यांची, किल्ल्यांची आणि औषधांची. त्या रविवारी बाईंनी सातही टेबलावर मांडल्या. पट्ट्या घालायची गरजच पडली नाही. बसल्या बसल्याच कळलं, की गॅसची वही सिलिंडर संपत आला की बघितली जाते आणि बाकी कुठलीच नाही. औषधांची वही यजमानांची होती. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतरही दर महिन्याच्या एक तारखेला बाईंनी तारीख घालून पुढे लिहिलं होतं, "काही नाही." पानामागून पानं, एकाखाली एक. त्या ओळी त्यांनी मोजल्या नाहीत. गॅसची वही भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, पाच रद्दीत घातल्या, औषधांची वही कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली ठेवली आणि ड्रॉवर ओल्या फडक्याने पुसून काढला. त्यात आता चमचे मावत होते.

एकवीस तारखेला शाळा सुटल्यावर दोघींनी तेवीस वह्या टेबलावर रचल्या. प्रवेश, सव्वीस पट्ट्या. हजेरी, एकोणीस. आवक-जावक पत्रांची, अकरा. किल्ल्या, तीन. फोन, एक. उरलेल्या अठरांत पट्टीचा मागमूस नाही.

बाई एकेक वही हातात घेऊन तिची बाजू मांडत राहिल्या. घंटेची का हवी, छत्र्यांची का हवी. पार्सलवालीने सगळं ऐकून घेतलं. मधे बोलली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बाई, घडलं एकदाच. लिहिताय किती वर्षं."

बाईंनी लाल पेन घेतलं. त्या अठरांतल्या एकेका वहीत शेवटच्या नोंदीखाली फूटपट्टीने रेघ मारली, तारीख घातली, सही केली. सतराव्या वहीशी हात थांबला. ती शाळा सुटायच्या आधी मुलं घेऊन जाणाऱ्यांची. चोवीस वर्षांपूर्वी एका मुलाला त्याचा मामा मधल्या सुट्टीत घेऊन गेला. आईला पत्ता नव्हता. ती संध्याकाळपर्यंत याच ऑफिसात या बाकावर बसून होती. मूल सुखरूप सापडलं, पण तिचा चेहरा बाईंच्या डोळ्यांपुढून हलला नाही. तरीही चोवीस वर्षांत ही वही मागे जाऊन कुणी बघितली नव्हती, हेही खरं होतं. त्यांनी रेघ मारली.

सोमवारी साडेअकराला एक गृहस्थ खिडकीशी आले. दुसरीतल्या मुलीला न्यायचं होतं. आपण शेजारी आहोत, मुलीची आई दवाखान्यात आहे, तिने पाठवलंय, असं त्यांनी सांगितलं. पार्सलवालीने मुलीचं नाव विचारलं आणि शिपायाला पाठवलं. बाई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या राहून बंद वह्यांचे गठ्ठे बांधत होत्या. शिपाई मुलीला घेऊन आला. लवकर घरी जायला मिळणार म्हणून ती उड्या मारतच आली. गृहस्थांनी तिचं दप्तर घेतलं आणि दोघं गेटकडे निघाली.

बाईंनी खिडकीतून सहज बघितलं. गृहस्थ वाकून मुलीशी काहीतरी बोलले आणि मुलीने मान जोरजोरात हलवली. नाही, नाही, अशी. बाई चपला घालायच्या विसरल्या. तशाच अनवाणी पायऱ्या उतरून गेटशी गेल्या आणि शिपायाला म्हणाल्या, कडी लावा.

घोळ साधाच होता. गृहस्थ म्हणाले होते, "दादाला नंतर नेऊ," आणि मुलगी म्हणाली होती, "मला दादा नाहीये." दुसरीच्या दोन तुकड्यांत एकाच नावाच्या दोन मुली होत्या. शिपायाने हाताशी आली ती आणली. गृहस्थांनी शेजारच्या मुलीला दोनतीनदा जिन्यात बघितलेलं, तेही टोपीत. आपण कुणाचं मूल घेऊन निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते गेटच्या कठड्यावरच बसले. मग दुसऱ्या तुकडीतली, त्यांच्या शेजारची मुलगी आणून त्यांच्या हाती दिली. चुकून आणलेली मात्र वर्गात परत जायला तयार होईना, तिला घरीच जायचं होतं.

मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावून घेतलं. ते मुळात तापट नव्हते, पण आज आवाज चढलेला होता. उद्यापासून सगळ्या वह्या परत चालू, म्हणाले. आणि नोंदबाईंनी जूनपर्यंत थांबायचं. नवा माणूस ते सुट्टीत शोधतील.

पार्सलवाली म्हणाली, "चूक माझी आहे सर. नाव विचारलं आणि मूल दिलं. पार्सल द्यावं तसं."

बाईंना त्या क्षणी बरं वाटलं. पुढे त्यांनी स्वतःशी ते कबूलही केलं. चौतीस वर्षांची मेहनत खरी ठरली होती आणि तेही मुख्याध्यापकांच्या तोंडून. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण हो म्हणजे जून, आणि धाकटीचं ऑपरेशन रद्द. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं द्या. ऑफिसात जाऊन त्यांनी गठ्ठा सोडला आणि सतरावी वही उघडली, चोवीस वर्षांत पहिल्यांदाच शोधण्यासाठी.

वहीत अकरा रकाने होते. तारीख, वेळ, मूल, इयत्ता, तुकडी, नेणारा, नातं, कारण, सही, बाहेर पडल्याची वेळ, शेरा. पानं उलटत गेल्या तेव्हा दोन ठिकाणी शेऱ्यात एकच शब्द सापडला: "थांबवले." दोन्ही प्रसंग त्यांना लख्ख आठवले. दोन्ही वेळा माणूस सही करत असताना त्यांनी मुलाकडे बघून विचारलं होतं, "हे कोण रे तुझे?" आणि मूल गप्प राहिलं होतं. त्या हे प्रत्येक मुलाला विचारत आल्या होत्या. सही व्हायला वेळ लागायचा, तोवर विचारून व्हायचं. पण कुठल्याही रकान्यात ते नव्हतं. तेविसाव्या वहीतही नव्हतं. आलेल्या चारही क्लार्कना त्यांनी अकरा रकाने कसे भरायचे ते दोन दोनदा समजावलं होतं. मुलाला विचारायचं, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कामात धरायचं असतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

त्या वही घेऊन परत गेल्या. उभ्यानेच बोलल्या.

"सर, चूक माझी आहे, हिची नाही. मूल देताना मी मुलालाच विचारते, हे कोण म्हणून. इतकी वर्षं विचारतेय. या तेवीस वह्यांत ते मी एकदाही लिहिलं नाही. वह्या परत चालू केल्यात तरी ते त्यांत सापडणार नाही."

मुख्याध्यापकांनी वही ओढून घेतली आणि ते दोन शेरे वाचले. मग म्हणाले, बाकीच्या वह्यांतही असं काही न लिहिलेलं असेल तर?

"उद्या दिवसभर बसून आठवते. जे आठवेल ते हिला सांगते. पण जूनपर्यंत थांबले तरी याहून जास्त आठवणार नाही. आणि माझी बहीण तोवर काठीवर फरफटत असेल." बाईंनी इतकं लांब भाषण त्यांच्यापुढे कधी केलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या, कुणी बसा म्हटलं नव्हतं तरी.

मुख्याध्यापक पार्सलवालीकडे वळले. राहणार का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राहीन, पण बाईंनी आठवायला सुरुवात केली की मधे कुणी खिडकीशी यायचं नाही. ते हसले. मंगळवारी दुपारपर्यंत खिडकी शिपाई सांभाळेल, म्हणाले.

मंगळवारी बाई आठवत बसल्या. निघालं ते फार नव्हतं. मुलाला विचारायचं. एकाच नावाची मुलं असतील तर आईचंही नाव विचारायचं. परीक्षेच्या दिवशी शिपायाचं घड्याळ सकाळी आपल्या घड्याळाशी लावून घ्यायचं. खिडकीशी डबा किंवा चष्मा आला तर आधी वर्गात पाठवायचा. चौथीच्या वर्गाची खिडकी वाऱ्याने आपटून काच फुटते, तिला कडी घालायची. सगळं मिळून पान भरलं नाही. पार्सलवालीने ते स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं, कारण बाईंचं अक्षर बघून लिहायची भीती वाटते, म्हणाली.

दुपारी दोनला पहिलीतल्या एका मुलीला न्यायला एक बाई आल्या. पार्सलवालीने मुलीला जवळ घेऊन विचारलं, "या कोण गं?" मुलीने त्यांच्याकडे खालून वर बघितलं. "आत्या आहे. फार पापे घेते." आत्या शरमल्या. शिपायाने कडी काढली.

पदभाराचा कागद एकाच पानाचा झाला. जानेवारीत पहिल्या क्लार्कसाठी केला होता तो चव्वेचाळीस पानांचा होता आणि त्याला अनुक्रमणिका होती. पार्सलवालीने सही केली, मुख्याध्यापकांनी केली, शेवटी बाईंनी. निघताना पार्सलवालीने विचारलं, अडलं तर फोन करू का? बाई म्हणाल्या, कर की. आणि फोनची वही अजून चालू आहे, केलास तर लिहून ठेव. मग स्वतःच म्हणाल्या, नको, राहू दे.

बुधवारी सकाळच्या गाडीने निघून त्या दुपारी धाकटीकडे पोचल्या. धाकटीने काठी टेकत दार उघडलं आणि एकच बॅग बघून आणखी सामान मागून येतंय का, असं विचारलं. येत नाहीये म्हटल्यावर तिने बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू बरी आहेस ना गं, ताई?"

संध्याकाळी बाईंनी घरभर फिरून धाकटीला चालताना कुठे कुठे धरायला लागेल ते बघितलं, पायात येणारी एक सतरंजी गुंडाळून ठेवली आणि डायरी काढली. तारीख, गाडीची वेळ, धाकटीची तब्येत असं लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं: बाथरूममध्ये गरम पाणी उजव्या नळाला येतं, डाव्याला नाही.